बॅनब्रिजची गाडी, लाउथचा नंबर: प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

आजपासून ही वही. काम एकच, मे उजाडायच्या आत दारात आपली गाडी हवी. बायकोची ड्युटी डब्लिनच्या एका हॉस्पिटलात आणि आम्ही राहतो लाउथ काउंटीतल्या ड्रॉहेड्यात. रात्रपाळी सकाळी आठला सुटते, मग बसची वाट. गेल्या मंगळवारी ती पावसात पाऊण तास स्टॉपवर उभी होती. घरी आली तेव्हा बोटं इतकी गारठली होती की किल्ली कुलपात जाईना. शिवाय २० मेला कोल्हापूरहून आई-बाबा येणार आहेत. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून वर्षही झालेलं नाही. त्यांना बसच्या पायऱ्या चढायला लावायला मन होत नाही.

पाचेक वर्षं वापरलेली हायब्रिड इथे एकवीस-बावीस हजार युरोंना जाते. आमची उडी सगळं मिळून एकोणीस हजारांची. सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडमध्ये किंवा ब्रिटनमध्ये, तीच गाडी पौंडांत स्वस्त दिसते. स्टिअरिंगची अडचण नाही, आपल्याकडच्यासारखंच दोन्हीकडे उजव्या हाताला. अडचण आहे ती कराची, आणि तो नीट समजल्याशिवाय एक पौंडही कुणाच्या हातात द्यायचा नाही असं दोघांनी ठरवलं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री जेवण झाल्यावर व्हीआरटी घेऊन बसलो. व्हेइकल रजिस्ट्रेशन टॅक्स. आयर्लंडमध्ये गाडीची पहिल्यांदा नोंदणी होताना हा कर एकदा भरायचा, मग गाडी कोरी असो की दुसऱ्या देशात वापरून झालेली.

मी इतके दिवस खरेदीच्या किमतीवर टक्के लावून बघत होतो. ते चूक. कर लागतो तो ओएमएसपीवर, म्हणजे 'ओपन मार्केट सेलिंग प्राइस'वर. ती गाडी आज आयर्लंडच्या बाजारात सगळ्या करांसकट कितीला जाईल, तो आकडा. तो ठरवतं रेव्हेन्यू, म्हणजे इथलं कर खातं. तिकडे घासाघीस करून दोन हजार पौंड कमी केले तरी त्यामुळे व्हीआरटी एका सेंटनेही उतरत नाही. हे कळल्यावर आधीची सगळी आकडेमोड खोडली.

टक्केवारी ठरते गाडीच्या कार्बन डायऑक्साइडवर, किलोमीटरला किती ग्रॅम त्यावर. १ जानेवारी २०२१ पासून वीस टप्पे आहेत, आणि २०२२ पासून ते ७ टक्क्यांपासून ४१ टक्क्यांपर्यंत जातात. त्यावर नायट्रोजन ऑक्साइडचा आकार वेगळा. त्याला सगळे नुसतं 'नॉक्स' म्हणतात.

मामाची आठवण झाली. त्याने बेळगावहून के-ए-२२ नंबरची गाडी घेतली होती. तिकडच्या आरटीओची एनओसी, मग कोल्हापुरात नव्याने कर, मग एम-एच-०९. आपल्याकडे कायदा दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर नवा नंबर घ्या म्हणतो, आणि मामा त्या बारा महिन्यांत निवांत होता. इथे गाडी देशात आल्यापासून सात दिवसांत तपासणीची वेळ घ्यायची आणि तीस दिवसांत नोंदणी, कर, सगळं उरकायचं. उशीर झाला तर दर दिवसाला व्हीआरटीच्या ०.१ टक्के जास्त. त्याहून वाईट म्हणजे बिननोंदणीची गाडी रस्त्यात जप्त होऊ शकते.

१० फेब्रुवारी, शनिवार

सीमेपलीकडच्या एका डीलरकडे जाऊन आलो. काळी कोरोला हायब्रिड, मार्च २०१९ ची, १२,५०० पौंड. गाडी झकास. बायकोने मागच्या सीटवर बसून बघितलं, बाबांचा पाय लांब होईल इतकी जागा आहे. डीलर म्हणाला, "गाडी नॉर्दर्न आयर्लंडमध्ये आहे, तुम्हाला फक्त व्हीआरटी. बाकी काही नाही." पाचशे पौंड विसार देऊन ठेवा म्हणत होता. दिला नाही. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. नंबरप्लेटकडे लक्ष गेलं होतं एवढंच. उत्तर आयर्लंडच्या मूळच्या नंबरांत आय किंवा झेड अक्षर असतं. ह्या गाडीची प्लेट इंग्लंडकडची होती.

११ फेब्रुवारी, रविवार

नुसत्या प्लेटवरून काही सिद्ध होत नाही, इंग्लंडचा नंबर घेऊन माणसं उत्तर आयर्लंडमध्ये राहायला येतात. पण ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की तिचा एमओटीचा, म्हणजे तिकडच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास दिसतो. तारीख, किती मैल झाले, पास की नापास.

ह्या गाडीची पहिली एमओटी मार्च २०२२ मधली. मी दोनदा बोटं मोजली. गाडी २०१९ ची, म्हणजे तीन वर्षांनी. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये पहिली एमओटी तिसऱ्या वर्षी लागते, उत्तर आयर्लंडमध्ये चौथ्या. म्हणजे २०२२ साली ही गाडी समुद्रापलीकडे होती आणि नंतर कधीतरी इकडे आणली गेली.

डीलरला फोन करून विचारलं, ब्रिटनमधून इकडे येताना गाडीचे कस्टमचे कागद झाले होते का? तो म्हणाला, "त्याची काय गरज?" फोन ठेवला. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, ब्रिटनच्या मुख्य बेटावरची गाडी आयर्लंडला परदेशी आयात धरली जाते. उत्तर आयर्लंडला मालाच्या बाबतीत वेगळी सवलत आहे, पण ती तिथे खरोखर वापरात असलेल्या किंवा रीतसर कस्टम होऊन आलेल्या गाडीला. अशा गाडीचा पुरावा देता आला नाही तर ती ब्रिटनहूनच आली असं समजून हिशोब करतात.

तो हिशोब मांडला. पौंडाला १.१७ युरो धरले. १२,५०० पौंडांचे १४,६२५ युरो. त्यावर १० टक्के कस्टम ड्युटी, १,४६२. ह्या दोन्हींच्या बेरजेवर २३ टक्के व्हॅट, ३,७००. गाडीवर व्हीआरटी लागायच्या आधीच ५,१६२ युरो चढले. हे कुणी आम्हाला सांगितलं नसतं. तपासणीच्या काउंटरवर कळलं असतं, गाडीचे पैसे देऊन झाल्यावर.

बायको आकडा बघून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्यासारखे किती जण असे फसत असतील." तिच्या त्या बोलण्यामुळेच मी ह्या नोंदी इतक्या बारकाईने ठेवतोय. पुढे कुणी विचारलं तर वही हातात देता येईल.

१७ फेब्रुवारी, शनिवार

डंडॉकच्या काकांकडे जेवायला. मूळचे सांगलीचे, वीस वर्षं इथे आहेत, सीमेपलीकडून तीन गाड्या आणल्यात. भाकरी मोडता मोडता त्यांनी दोन तासांत मला जे शिकवलं ते आठवडाभर वाचून कळलं नव्हतं.

"अरे, गाडी कुठे उभी आहे ते कुणीही दाखवेल," काका म्हणाले. "ती तिथे कधीपासून आहे ते कागदावर दाखवा म्हणावं. खासगी मालक शोध, ज्याने गाडी तिकडेच कोरी घेतली आणि तिकडेच चालवली. २०२१ च्या आधीपासून तिथे असेल तर डोक्याला तापच नाही."

मी विचारलं, "काका, कोरोला तर डर्बीशरच्या बर्नस्टनला बनते. ब्रिटनमध्येच बनलेल्या मालाला ड्युटी माफ आहे ना करारात?"

"आहे. पण ती ब्रिटनमध्ये बनली हे निर्यात करणाऱ्याने लिहून द्यावं लागतं, आणि जुनी गाडी विकणाऱ्याकडे कारखान्याचे कागद कुठले असायला? आणि समजा दिलं लिहून, तरी व्हॅट सुटतोय का? तेवीस टक्के बसलेच."

काकूंनी परत भाकरी वाढली आणि विषय संपला.

२० फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसातल्या पुण्याच्या मित्राला ही वही दाखवली. तो २०१३ ची डिझेल बघत होता, ओएमएसपी कमी म्हणून खूश होता. त्याच्या गाडीच्या कागदावर नॉक्स १७० मिलिग्रॅम. पहिल्या ४० मिलिग्रॅमना ५ युरो दराने २००. पुढच्या ४० ना १५ दराने ६००. राहिलेल्या ९० ना २५ दराने २,२५०. एकूण ३,०५० युरो, आणि हे नुसते नॉक्सचे, व्हीआरटीचे टक्के अजून बाजूलाच. युरो ५ ह्या धुराच्या जुन्या मानकाच्या डिझेलला किलोमीटरला १८० मिलिग्रॅमपर्यंत मुभा होती, युरो ६ ने ती ८० वर आणली. म्हणून जुनी डिझेल स्वस्त दिसली तरी इथे आणून महाग पडते. डिझेलला नॉक्सच्या आकाराची कमाल ४,८५० युरो, पेट्रोलला आणि हायब्रिडला ६००. आणि नॉक्सचा कागदी पुरावाच नसेल तर सरळ ती कमाल रक्कम लावतात. त्याने गाडीचा नाद सोडला. चांगलं झालं.

२ मार्च, शनिवार

सीमेपलीकडे बॅनब्रिजला जाऊन आलो. गाडी मिळाली असं वाटतंय.

डंडॉक सोडल्यावर सीमा कधी ओलांडली ते कळतही नाही. कोल्हापूरहून निपाणीकडे जाताना कोगनोळीचा नाका लागतो, तसं इथे काहीच नाही. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि वेगाच्या पाट्या किलोमीटरच्या मैलांवर येतात, तेवढीच खूण. आणि एवढ्या अदृश्य रेघेपायी गाडीचा सगळा पूर्वेतिहास मांडावा लागतो.

मालकीण सत्तरीच्या पुढच्या एक बाई. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून चालवत नाहीत. निळसर राखाडी कोरोला हायब्रिड, सप्टेंबर २०१९, नंबरात झेड. ३१,४०० मैल, म्हणजे पन्नास हजार किलोमीटरच्या थोडं वर. त्यांनी आम्हाला आधी चहा दिला आणि मग कपाटातून एक हिरवी फाइल आणली. प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पाकिटात. २०१९ मध्ये उत्तर आयर्लंडच्याच शोरूममधून कोरी घेतल्याचं बिल. दर वर्षीचं सर्व्हिसिंग. विम्याची पत्रं, सगळ्यांवर ह्याच घराचा पत्ता. गेल्या शरदातली पहिली एमओटी, चार वर्षांनी झालेली, न्यूरीच्या केंद्रातली. उत्तर आयर्लंडमध्ये एमओटी फक्त सरकारी केंद्रातच होते, ब्रिटनसारखी कोपऱ्यावरच्या गॅरेजात नाही. त्यामुळे त्या एका कागदावरून गाडी कुठे होती हे स्पष्ट होतं.

माझे आजोबा रेशन कार्डापासून वीजबिलापर्यंत सगळं असंच एका पेटीत ठेवायचे. ती फाइल हातात घेताना मला गाडीपेक्षा तिचाच भरवसा जास्त वाटला, हे मी बाईंना सांगितलंही. त्या म्हणाल्या, नवऱ्याची सवय होती ती, तो गेल्यावर मी चालू ठेवली.

१३,८०० मागत होत्या, १३,४०० वर ठरलं. मी आणखी ओढलं नाही. गाडीवर कर्ज किंवा अपघाताची नोंद नाही ना, ते घरी येऊन पैसे भरून तपासलं. स्वच्छ.

५ मार्च, मंगळवार

एक गाठ राहिली आहे. बाईंच्या व्ही-फाइव्ह-सी वर, म्हणजे तिकडच्या आरसीवर, कार्बनचा आकडा ८३ ग्रॅम आहे. हा जुन्या एनईडीसी चाचणीचा. आयर्लंड आता डब्ल्यूएलटीपी ह्या नव्या चाचणीचा आकडा धरतं. जुनाच आकडा हाती असेल तर एका सूत्राने तो वाढवतात. पेट्रोलसाठी ०.९२२७ ने गुणायचं आणि ३४.५५४ मिळवायचे. आमचे ८३ होतात १११. टप्पा १११ ते ११५, कर १५.२५ टक्के.

पण २०१९ च्या गाडीच्या सीओसीवर, म्हणजे कारखान्याच्या सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटीवर, दोन्ही आकडे छापलेले असतात. सीओसी हा गाडीचा जन्मदाखलाच. बाईंच्या हिरव्या फाइलमध्ये नेमका तोच नव्हता. चेसिस नंबर पाठवून कंपनीकडे नक्कल मागवली. चेसिस नंबर एसबी१ ने सुरू होतो, म्हणजे बर्नस्टनचीच.

रेव्हेन्यूच्या संकेतस्थळावरच्या कॅल्क्युलेटरने ओएमएसपी २०,८०० दाखवला. तो अंदाज असतो, शेवटचा आकडा नोंदणीच्या दिवशीचा.

१६ मार्च, शनिवार

गाडी घरी आली.

पैसे बँकेतून बँकेत पाठवले, म्हणजे तारीख आणि रक्कम दोन्हींची नोंद राहते. विक्रीची पावती बाईंनी हाताने लिहिली: दोघांची नावं-पत्ते, नंबर, चेसिस, मैल, किंमत, तारीख, वेळ. व्ही-फाइव्ह-सी मधला कायमस्वरूपी निर्यातीचा भाग त्यांनी फाडून भरला, तो त्या डीव्हीएलएला, म्हणजे तिकडच्या वाहन नोंदणी खात्याला, पाठवणार. उरलेला आमच्याकडे, तपासणीला मूळ प्रतच लागते.

जमिनीवरची सीमा, बोटीचं तिकीट नाही. मग गाडी देशात कधी आली ते दाखवायचं कसं? पावतीची तारीख, विमा त्याच दिवसापासूनचा, आणि काकांनी सांगितलं म्हणून डंडॉकच्या पंपावर दहा युरोंचं पेट्रोल भरून पावती घेतली. बायको चालवत होती, मी मागून काकांच्या गाडीत. आरशात तिचा चेहरा दिसत नव्हता, पण तिने बाबांना व्हिडिओ कॉल लावायचा नाही म्हणून फोन माझ्याकडे दिला होता. नंबर लागल्याशिवाय सांगायचं नाही असं तिचंच म्हणणं.

रात्रीच ऑनलाइन वेळ घेतली. उद्या सेंट पॅट्रिक्स डे, सोमवारी सुट्टी, सात दिवसांतले दोन तसेच जाणार होते. जवळच्या केंद्रात ८ एप्रिल मिळाली. तेविसावा दिवस, तीसच्या आत.

१९ मार्च, मंगळवार

विमा कंपनीने तिकडच्या नंबरावर तात्पुरता विमा दिलाय. नवा नंबर मिळाला की कळवायचं.

२८ मार्च, गुरुवार

सीओसी अजून नाही. उद्या गुड फ्रायडे, सोमवारी ईस्टरची सुट्टी. टपालाचे चार दिवस गेले.

वेळ पुढे ढकलावी का? काकांना विचारलं. "ढकलू नकोस. पंधरा एप्रिलला तीस दिवस भरतात. पुढची वेळ कधी मिळेल सांगता येत नाही."

दरम्यान लेस्टरहून चुलतभावाचा फोन. तो कायमचा डब्लिनला येतोय, स्वतःची गाडी आहे, तिलाही व्हीआरटी का? त्याला सांगितलं, बिऱ्हाड हलवून येणाऱ्याला माफी असते. गाडी येण्याआधी किमान सहा महिने तुझ्या ताब्यात आणि वापरात हवी, आणि आणल्यावर बारा महिने विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही. तिकडचं भाडेपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, विमा, सगळं बांधून आण म्हटलं. त्याला माझा हेवा वाटत होता, आता मला त्याचा वाटतो.

४ एप्रिल, गुरुवार

सीओसी आला. पाकीट पायपुसण्यावर पडलेलं होतं, तिथेच उभ्या उभ्या फोडलं. डब्ल्यूएलटीपी १०७ ग्रॅम. नॉक्स ५ मिलिग्रॅम.

१०७ म्हणजे १०६ ते ११० चा टप्पा, १३.५ टक्के. पावणेदोन टक्के उतरले. नॉक्सचे ५ गुणिले ५, फक्त २५ युरो. हा एक कागद नसता तर टक्के १५.२५ लागले असते, आणि नॉक्सचा दुसरा पुरावा मानला गेला नसता तर वर सहाशे.

८ एप्रिल, सोमवार

तपासणीचा दिवस. सकाळी नऊ चाळीस.

ही तपासणी गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का ह्याची नाही. ब्रेक, टायर, धूर ह्यातलं काही बघत नाहीत. कागदावरची गाडी आणि समोरची गाडी एकच आहे का, एवढंच बघतात. एनसीटी, म्हणजे गाडी धड आहे ना ह्याची इथली सक्तीची तपासणी, घेणारी संस्थाच रेव्हेन्यूच्या वतीने हे काम करते, म्हणून बऱ्याच जणांचा गोंधळ होतो आणि त्यांना वाटतं एकात दोन्ही झालं. एनसीटी वेगळी, तिची वेळ वेगळी, पैसे वेगळे.

तपासनीस तरुण होता, बोलका नव्हता. आधी काचेखालचा चेसिस नंबर बघितला. मग पुढच्या सीटखालच्या गालिच्याची कापलेली पट्टी उचलून टॉर्च मारला आणि लोखंडात ठोकलेला नंबर एकेक अक्षर पुटपुटत माझ्या फॉर्मशी ताडला. मध्येच थांबला. फॉर्मवर मी एका ठिकाणी शून्याच्या जागी ओ लिहिला होता. माझ्या पोटात गोळा आला. तो म्हणाला, चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, आकड्यांशी गल्लत होऊ नये म्हणून, त्यामुळे हा शून्यच. त्याच्यासमोर दुरुस्त करून सही केली. मीटरवरचे मैल, रंग, दारं, फोटो. वीस मिनिटांत झालं.

मग कागद. पासपोर्ट, पीपीएस नंबरचा, म्हणजे इथल्या सरकारी ओळख क्रमांकाचा, पुरावा, पत्त्यासाठी वीजबिल, व्ही-फाइव्ह-सी, पावती, सीओसी. उत्तर आयर्लंडचा पुरावा मागितला तेव्हा मी ती हिरवी फाइलच पुढे केली. बाईंनी ती आम्हाला गाडीबरोबर देऊन टाकली होती. काउंटरवरच्या ताईंनी २०१९ चं बिल आणि न्यूरीची एमओटी काढून घेतली, बाकी परत दिलं, आणि कस्टमचा विषय पुन्हा निघाला नाही.

ओएमएसपी २१,५०० लागला, मार्चमधल्या अंदाजापेक्षा ७०० जास्त. १३.५ टक्क्यांनी २,९०२.५० आणि नॉक्सचे २५. एकूण २,९२७ युरो ५० सेंट. मूल्यांकन पटलं नाही तर अपील करता येतं, पण आधी पूर्ण रक्कम भरायची आणि मग भांडायचं. इथल्या जाहिरातींत ही गाडी साधारण तेवढ्यालाच आहे, त्यामुळे मला तो आकडा रास्त वाटला. कार्डाने भरले.

पावतीवर नवा नंबर छापून आला. १९२-एलएच आणि पुढचे आकडे. १९२ म्हणजे २०१९ चं दुसरं अर्धवर्ष, गाडी इथे आज जन्मली तरी वय तिचं खरंच लिहितात. हे मला फार आवडलं. एलएच म्हणजे काउंटी लाउथ.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

प्लेट्स तीन दिवसांत लावायच्या असतात. आम्ही आजच लावल्या. दुकानदाराने पावती बघून अर्ध्या तासात करून दिल्या. वर मध्ये काउंटीचं आयरिश नाव, लाउथचं नुसतं 'लू'.

जुनी झेडची प्लेट काढताना चारही स्क्रू गंजलेले निघाले. एकाचं डोकं गेलं, पक्कडीने धरून फिरवावा लागला. ती प्लेट फेकवेना, फाइलमध्ये ठेवली.

खिडकीत गुढी, दारात गाडी. बायकोने हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि मग बाबांना फोन लावला. बाबांनी आधी नंबरप्लेट दाखवायला सांगितली. सगळे आकडे मोठ्याने वाचले. आई मागून म्हणत होती, "अहो, तिला आत बसू द्या तरी, थंडी आहे तिकडे." बाईंनाही नव्या नंबराचा फोटो पाठवला.

१५ एप्रिल, सोमवार

मोटर टॅक्सचा आरएफ१०० फॉर्म भरला. हा वर्षाचा रस्त्याचा कर, व्हीआरटीशी त्याचा संबंध नाही. विमा नव्या नंबरावर फिरवून घेतला. क्लेअर काउंटीतल्या शॅननहून नोंदणीचं प्रमाणपत्र टपालाने आलं.

२० एप्रिल, शनिवार

एनसीटी. नापास.

चार वर्षांच्या पुढच्या गाडीला ही सक्तीची, दहा वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दर वर्षी. फी ६० युरो. ब्रेक उत्तम, टायर ठीक, सस्पेन्शन ठीक, खालून गंज नाही. डाव्या हेडलाइटचा झोत ठरलेल्या रेषेच्या वर जात होता. समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता, तेव्हा नापास केलं ते योग्यच. पण तो पिवळा कागद हातात घेताना जीव खट्टू झाला. नुसत्या डोळ्यांनी बघून खात्री होणारी दुरुस्ती असती तर फेरतपासणी फुकट असते, हेडलाइटला यंत्र लागतं, म्हणून पुन्हा पैसे.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून हेडलाइटमागचा प्लास्टिकचा स्क्रू दाखवला. बल्ब कुणीतरी बदलताना बैठक थोडी हललेली होती. स्क्रूचे दोन वेढे, एवढंच काम.

२ मे, गुरुवार

फेरतपासणी पास.

समोरच्या काचेवर आता तीन चकत्या आहेत, मोटर टॅक्स, विमा, एनसीटी. एकूण खर्च बेरीज करून बघितला: गाडीचे १५,६७८, व्हीआरटी २,९२७.५०, सीओसी, प्लेट्स, एनसीटी दोनदा, सगळं धरून १८,८५० युरोंच्या आसपास. विमा आणि मोटर टॅक्स त्याच्या बाहेर.

आज बायकोची रात्रपाळी. संध्याकाळी सव्वासहाला निघाली. डबा पुढच्या सीटवर, गरम पाण्याची बाटली दाराच्या कप्प्यात. मीटर मैलांवरून किलोमीटरवर करायचा राहिला होता, तो निघताना तिनेच केला.